अंधारातला सामना

शाळेचा लाकडी जिना प्रभावती रोज चढत-उतरत असे. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, तिच्या वर्गातल्या मुली गलका करत पुढं निघून गेल्या, आणि मधल्या एका पायरीवर तिचा पाय पडला तेव्हा फळी करकरली. मोडली नाही, हललीसुद्धा नाही. पण प्रभावती होती तिथंच खाली बसली. कठड्याचा गज तिनं मुठीत असा धरला की बोटांच्या पेरांतलं रक्त गेलं. दुसरा हात आपोआप मांडीकडं गेला, तिथं कुणीतरी बसलेलं असावं तसा. मांडीवर कुणी नव्हतं. तिची विशाखा आता दुसरीत जात होती, स्वतःच्या पायांनी घरी पोचलीही असेल. हे सगळं प्रभावतीला कळत होतं, आणि तरी तिला उठता येत नव्हतं. उठलं तर एकदम उठायचं नाही, आधी कडेच्या बायांना जाऊ द्यायचं, असं कुठूनतरी आत ठरलेलं होतं, आणि कडेला बाया नव्हत्याच. खालून मथुराबाई, शाळेची शिपाईण, पाण्याचा गडू घेऊन वर आली. "चक्कर आली काय, बाई?" प्रभावती म्हणाली, "नाही. फळी वाजली." मथुराबाईनं पायरीकडं पाहिलं, मग हिच्याकडं. "ते तं रोजच वाजते," ती म्हणाली, आणि प्रभावती पाणी पीत असताना, बोलायला काहीतरी हवं म्हणून, "आज संध्याकाळी सरांचं रेडिओवर हाय ना? आमच्या गल्लीतले सारे तुमच्याकडंच येतो म्हनतात." प्रभावतीनं मान हलवली. पाणी गार होतं. ते घशातून उतरताना तिला वाटलं, चार वर्षं झाली, आपण त्या गॅलरीवरून अजून उतरलोच नाही.

घरी जाताना पोस्टाजवळच्या पानठेल्यावरच्या माणसानं तिला पाहून हात जोडले. अशी ओळख तिला आता सवयीची झाली होती. यवतमाळमध्ये लोक तिला बळीराम सरांची बायको म्हणून ओळखत, आणि बळीराम सरांना त्यांच्या आवाजावरून. चेहरा पुष्कळांना माहीतही नव्हता. एकदा बसमध्ये एक म्हातारा त्याच्या शेजारी बसून आर्णीपर्यंत त्याच्याच कॉमेंट्रीचं कौतुक करत गेला. बळीराम 'हो, हो' म्हणत राहिला आणि उतरताना म्हणाला, "बाबा, तो मीच." म्हाताऱ्याला ते पटलं नाही, कारण रेडिओवरचा माणूस उंचापुरा, भरल्या छातीचा असणार हे त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि हा तर काडीसारखा, ड्रिल मास्तरची खाकी पँट कमरेला पट्ट्यानं आवळलेला. घरी येऊन त्यानं ही गोष्ट सांगितली तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या हसण्यात कमीपणा कुठंही नव्हता, आणि प्रभावतीला तो त्या वेळी फार मोठा वाटला होता.

बास्केटबॉल त्याला नागपूरच्या कॉलेजात भेटला. वसतिगृहामागं एक कोर्ट होतं. उंची नव्हती म्हणून संघात तो कायम बदली खेळाडू, बाकावर बसलेला. बसून बसून खेळ त्याला खेळणाऱ्यांपेक्षा जास्त दिसू लागला. एका सामन्याला गुण सांगणारा माणूस आला नाही, कुणीतरी माईक याच्या हातात दिला. नुसते गुण सांगायचे होते. यानं गुण सांगितले आणि माईक खाली ठेवलाच नाही, चेंडू कुणाकडून कुणाकडं गेला, तो का गेला, आता कुठं जाणार, हे तो सांगत गेला. पुढं यवतमाळला ड्रिल मास्तरची नोकरी लागल्यावर त्यानं शाळेच्या मैदानात दोन खांब रोवले, त्यांना लोखंडी रिंगा लावल्या आणि मुलांना शिकवायला लागला. गावात या खेळाला 'टोपलीचा खेळ' म्हणत आणि कुणाला त्यात काही समजत नसे. मग सामना असला की तो स्वतःच भोंगा लावून बसे आणि समजावून सांगे. बाजारहून परतणारे गाडीवान बैल थांबवून ऐकू लागले. वर्षभरात असं झालं की लोक सामना पाहायला येत की बळीराम सरांना ऐकायला, हे सांगता येईना.

लग्न झालं तेव्हा प्रभावतीला हे काही माहीत नव्हतं. मुलगा मॅट्रिकच्या पुढं शिकलेला, नोकरीवाला, आणि दोन्हीकडच्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेली, इतकं माहीत होतं. नव्यानं घरात आली तेव्हा ती चुलीपुढं बसली की हा उंबऱ्यावर बसून बोलू लागे: "प्रभावतीनं पीठ घेतलं. डाव्या हातानं पानी. गोया झाला. आता पाहा, थाप मारून राह्यली, भाकर फिरते, फिरते, तव्यावर... गेली." 'गेली' म्हणताना आवाज चढवायच्या ऐवजी तो खाली आणी, जवळजवळ कुजबुजे. तिनं एकदा विचारलं, असं काहून. तो म्हणाला, चेंडू हवेत असते तवा लोकाइचा श्वास अडकते, तवा आपन बोंबललो तं त्याइचा श्वास आपनच घेऊन टाकला. त्याइचा त्याइले घेऊ द्यावा. तिला त्या वेळी हसू आलं होतं. पुढं कितीतरी वेळा, अनोळखी माणसांच्या घोळक्यात उभं राहून, तिनं त्या खाली आलेल्या आवाजाबरोबर शेकडो लोकांना श्वास धरताना पाहिलं आणि हा माणूस आपल्या चुलीपुढं बसून शिकत होता हे आठवून तिच्या अंगावर शहारा आला.

सासऱ्यांना मात्र हे मुळीच मान्य नव्हतं. उकंडामामाजी बोरी अरबचे कोतवाल होते, आणि दवंडी देणं हे त्यांचं काम. पाटलाचा हुकूम, सरकारचा हुकूम, कुणाचं जनावर हरवलं, कुठं जप्ती आहे. ऊन असो की ताप असो, गळ्यात डफडं अडकवून गल्लीगल्लीतून ओरडत जायचं, आणि ज्यांच्यासाठी ओरडायचं त्यांच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. दीक्षा घेऊन परतल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी डफडं चावडीत नेऊन ठेवलं आणि सांगितलं की या गळ्यातून आता गावासाठी हाक निघणार नाही. त्यावरून गावात बरंच झालं. मामाजी मुलाकडं यवतमाळला राहायला आले ते त्यानंतर. आणि इथं आल्यावर एके दिवशी त्यांनी पाहिलं, स्पर्धेची जाहिरात करायला बळीराम टांग्यात बसून, तोंडापुढं भोंगा धरून, गल्लीगल्लीतून ओरडत चालला आहे. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "म्या टाकलं ते तू उचललं," एवढंच ते मुलाला म्हणाले. पुढं कित्येक महिने ते त्याच्याशी बोलायचे ते प्रभावतीमार्फत. "त्याले सांग, चपला भिजल्या." तो समोरच असायचा. बळीरामनं कधी वाद घातला नाही. तो फक्त एकदा म्हणाला, "बाबा, एक वेळा येऊन आइका." मामाजी आले नाहीत. पण एका रविवारी फिरायला म्हणून गेलेले मामाजी फार उशिरा परतले, धुळीनं माखलेल्या पायांनी, आणि पाय धुता धुता, प्रभावतीकडं न पाहता बोलले, "कुंपनाबाहेर उभा राहून आइकलं." त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. "दवंडीवाला दुसऱ्याचा हुकूम सांगते," ते म्हणाले. "हा त्याले जे दिसते ते सांगते. हे अल्लग हाय." मग गडू खाली ठेवून त्यांनी मुलाला हाक मारली आणि सरळ त्याच्याशी बोलले, कशाबद्दल ते आता प्रभावतीला आठवत नाही, बहुतेक छपराच्या कौलाबद्दल.

दिग्रसचा सामना त्यानंतरच्या संक्रांतीचा. जिल्ह्याची स्पर्धा, शेवटचा दिवस, यवतमाळ विरुद्ध पुसद. मैदान एका जिनिंगच्या मागं होतं, कापसाचे दिवस, हवेत तंतू उडत होते आणि सरकीचा तेलकट वास कपड्यांना चिकटत होता. दिवे जिनिंगच्या इंजिनावरून घेतले होते. भोंगा मात्र मोटारीच्या बॅटरीवर. बायांसाठी वेगळी गॅलरी होती, बांबू रोवून त्यांवर फळ्या टाकलेली, पुरुषभर उंचीपेक्षा जास्तच. प्रभावती विशाखाला घेऊन सकाळच्या बसनं आली होती. मधल्या भागात, वरून दुसऱ्या फळीवर तिला जागा मिळाली. शेजारी काचेच्या टिकल्यांची ओढणी घेतलेली एक वयस्क बाई होती, जवळच्या तांड्यावरची, लालीबाई. तिचा मुलगा रूपसिंग जिनिंगमध्ये गाडीवान होता, त्यानं तिला आग्रहानं आणलं होतं. "मले खेय नाही समजत," ती प्रभावतीला म्हणाली, "पन तो बोलनारा हाय ना, तो बोलते तवा समजते." प्रभावतीनं तो माझा नवरा आहे हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं नाही, पण न सांगण्यात एक गोड चोरटेपणा होता आणि तो तिला थोडा वेळ स्वतःजवळ ठेवायचा होता. समोर, कोर्टाच्या पलीकडं, टेबलाशी तो बसलेला दिसत होता. आपल्याकडं त्यानं पाहिलं की नाही हे इतक्या लांबून कळत नव्हतं.

मध्यांतर होऊन खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळानं दिवे गेले. इंजिन बंद पडलं होतं. जानेवारीतली संध्याकाळ, अंधार आधीच पडलेला, अमावास्या जवळची. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि त्या गलक्यात, अगदी खालून, प्रभावतीला तो आवाज ऐकू आला. बांबू मोडण्याआधी जसा करकरतो तसा. मग फळी बोटभर खाली गेली. फक्त बोटभर. तिनं विशाखाला घट्ट धरलं. गॅलरीखाली पुरुषांचे दबलेले आवाज, धावपळ, कुणीतरी 'खांदा दे, खांदा दे' म्हणतंय. मैदानापलीकडं भोंग्यातून खरखर आली, तो काही बोलणार होता, आणि थांबला. ते थांबणं फार लांब नव्हतं. मग त्याचा आवाज आला, आणि तो हसत होता.

"दिवे गेले म्हणून सामना थांबत नसते," तो म्हणाला. "पुसदवाल्याइले अंधारात जास्त दिसते असं आइकलं हाय. पाहू. रेफरीनं शिट्टी तोंडात धरली. सारे खाली बसा, मागच्याइले दिसत नाही." अंधारात मागच्यांना दिसत नाही, याच्यावर सगळं मैदान हसलं, आणि खाली बसलं. मग खेळ सुरू झाला. चेंडू पुसदकडं, पास, परत पास, यवतमाळच्या सात नंबरनं मधेच हात घातला, चेंडू घेऊन पळाला, पळाला, रिंगखाली गेला, उडी मारली, आणि आवाज खाली आला, आणि अंधारातली सगळी माणसं श्वास धरून बसली. "पडला." टाळ्या झाल्या. प्रभावतीनंही टाळी वाजवायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. सात नंबर पहिल्या अर्ध्यातच पाय मुरगळून बाहेर गेला होता. तिनं त्याला पायाला फडकं बांधून घोंगडीवर पडलेला पाहिलं होतं. आणि चेंडू जमिनीवर आपटल्याचा तो ठोका, जो सबंध संध्याकाळ छातीच्या ठोक्यासारखा चालला होता, तो कुठंच नव्हता. कोर्टावर कुणीही खेळत नव्हतं. हा माणूस एकटाच, काळोखाकडं तोंड करून, नसलेला सामना सांगत होता. तो खोटं कधी बोलत नसे. मैदानावर तर नाहीच, तिथं जे दिसतं तेच सांगायचं हा त्याचा धर्म होता. मग आज तो जे दिसत नाही ते का सांगतो आहे, हे तिला दुसऱ्यांदा फळी करकरल्यावर समजलं. आम्ही बसून राहावं म्हणून.

"बाई," लालीबाई तिच्या कानाशी म्हणाली, "हा मानूस खोटं बोलून राह्यला काय?" म्हातारीलाही चेंडूचा ठोका ऐकू येत नव्हता. प्रभावती म्हणाली, "हो. बोलून राह्यला." "मंग काही कारन असन," लालीबाई म्हणाली, आणि विशाखाचे पाय आपल्या ओढणीखाली घेतले.

खेळाच्या मधे तो सांगू लागला की संक्रांत आहे, बायांसाठी फाटकाशी तीळगूळ ठेवला आहे, पण ताट एकच आहे. म्हणून जिनिंगच्या बाजूच्या, अगदी कडेच्या बायांनी आधी उतरावं, एकेक फळी, घाई नाही, तीळगूळ सगळ्यांना पुरेल. बाकीच्यांनी सामना ऐकावा. कडेच्या बाया हसत, एकमेकींना ढकलत उतरल्या. मग दुसऱ्या कडेच्या. मग पुन्हा इकडच्या. दर वेळी फळ्या जरा उचलल्यासारख्या होत, खाली कुणीतरी कण्हे, आणि भोंग्यातला आवाज त्याच क्षणी एखादा फाऊल शोधून काढी, रेफरीशी भांडे, लोकांना हसवी. तो सामना प्रभावतीला अजून पाठ आहे. पुसदचा एक लांबडा खेळाडू त्यात होता, जो प्रत्यक्षात कधी जन्मला नाही. तो इतका सुंदर खेळला की पुढं लोक त्याचं नाव विचारत. कुठंही आवाज थरथरला नाही, कुठंही वाक्य अर्धं राहिलं नाही. आणि प्रभावती मध्ये बसून हे ऐकताना दोन गोष्टी एकदम अनुभवत होती. एक, की असा माणूस आपण पाहिला नाही. आणि दुसरी, की दोन्हीकडून माणसं कमी होत चालली आहेत आणि मधे आपण आहोत, सगळ्यात शेवटी. तो कडेच्यांना बोलावतो आहे. आपल्याला बोलावत नाही. विशाखानं विचारलं, "बाबा कवा बलावतीन?" ती म्हणाली, "आइक. बाबा सांगून राह्यले ना."

शेवटी मधल्या भागाची पाळी आली. तोवर अंधाराला डोळे सरावले होते. प्रभावती उतरताना तिला खाली माणसं दिसली, वीस-पंचवीस गाडीवान आणि हमाल, आडव्या बांबूला खांदे लावून, पाय रोवून, गप्प उभे. त्यांतला एकजण लालीबाईकडं पाहून फक्त मान हलवू शकला. तो रूपसिंग. पळत टेबलाशी जाऊन बळीरामच्या कानात सांगणारा तोच होता, आणि सांगून तो परत बांबूखाली येऊन उभा राहिला होता. लालीबाई 'याडी' असं, आपल्या आईला हाक मारावी तसं, तोंडातल्या तोंडात पुटपुटली आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवून पुढं झाली. शेवटची बाई उतरल्यावर गाडीवान एकदम बाजूला झाले आणि सबंध गॅलरी, कुणीही नसलेली, धूळ उडवत बसली. मैदानभर तो आवाज गेला तेव्हा लोकांना कळलं. भोंग्यात कुणी काही बोललं नाही. रूपसिंगचा खांदा त्यानंतर वाकडाच राहिला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. फाटकाशी तीळगूळ वगैरे काही नव्हतं.

त्यावर जिल्ह्यात किती बोललं गेलं. दुसऱ्या दिवशी सामना उजेडात पुन्हा झाला, पुसद जिंकलं, आणि लोक म्हणाले, कालचा जास्त चांगला होता. गोष्ट फिरत फिरत नागपूरला गेली आणि पुढल्या वर्षी बळीरामला रेडिओवर आवाजाच्या चाचणीला बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, मैदानावर लोकांना खेळ दिसत असतो, इथं ऐकणाऱ्याला काहीच दिसणार नाही, जमेल का? बळीराम म्हणाला, जमेल, अंधारात सांगायची सवय आहे. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मामाजी हसले. प्रभावतीही हसली. रेडिओसाठी बोली जरा घासून घ्यायची होती, तर तो रात्रीच्या जेवणानंतर विशाखाच्या पाटीशेजारी बसून प्रभावतीकडून ण आणि ळ शिकला, चुकला की विशाखा टाळी वाजवी. सामना असला की दोन दिवस आधी आंबट बंद, जिभेखाली ज्येष्ठमध, पहाटे मोकळ्या रानात जाऊन श्वासाचा सराव. खेळाडूंना तो आदल्या दिवशी भेटे, त्यांची गावं विचारी, कोण डाव्या पायानं उडतो ते पाही. विदर्भात लोक बास्केटबॉलचे सामने रेडिओवर ऐकू लागले ते या माणसामुळं. प्रभावतीला त्याचा अभिमान होता, तो तिच्या चालण्यात होता, शाळेत फळ्यावर लिहिताना हातात होता. पण त्या अभिमानाच्या तळाशी एक कुसळ होतं. त्याला माहीत होतं का? मी मधे बसले आहे हे माहीत असताना तो कडेच्यांना बोलावत होता का? माहीत नसेल तर प्रश्न नव्हता. पण मग तिला वाईट वाटे की इतक्या मोठ्या मैदानात त्यानं आपल्याला शोधलंसुद्धा नाही. आणि माहीत असेल तर? तर त्यानं योग्यच केलं, तिच्या जागी कुणीही असती तरी तेच योग्य होतं, ती वर्गात मुलींना हेच शिकवते. आणि तरी फळी वाजली की हात मांडीकडं जातो. चार वर्षं तिनं विचारलं नाही. विचारल्यावर जे उत्तर येईल ते कोणतंही असलं तरी आपल्याला ते झेपेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

संध्याकाळी घरात गल्लीतली माणसं जमली. मथुराबाई आली, तिनं पोरांना दाराशी दाटीवाटीनं बसवलं. मामाजी नेहमीसारखे भिंतीला टेकून, डोळे मिटून. नागपूरचा सामना चुरशीचा झाला. बळीरामचा आवाज खोलीत भरून राहिला, आणि प्रभावती चुलीशी बसून ऐकत होती. आज तिला खेळ ऐकू येत नव्हता, त्याचा श्वास ऐकू येत होता, कुठं घेतो, कुठं राखून ठेवतो. आवाज खाली आला की खोलीतली पोरं तोंडं उघडी टाकून थांबत. एवढ्या अंतरावरून, तारेवाचून, या एका माणसाच्या हातात इतक्यांचा श्वास आहे, आणि त्यानं तो कधी फुकट घेतला नाही, असं तिच्या मनात आलं. सामना संपल्यावर मामाजींनी डोळे उघडले. "थकला हाय," ते म्हणाले. "शेवटी शेवटी छातीतून नाही बोलला, गयातून बोलला. आला का त्याले गरम पानी दे." मग उठताना त्यांनी सुनेकडं पाहिलं. "अन् तुले काय झालं वं आज?" ती म्हणाली, "काही नाही, मामाजी." त्यांनी भिंतीचा आधार घेतला. "नाही सांगाचं तं नोको सांगू. पन ज्याले सांगाचं त्याले सांगजो."

बळीराम दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आला. विशाखा शेजारी खेळायला गेली होती, मामाजी बाहेर बाजेवर. त्यानं बूट काढले, गरम पाणी प्यायला, विशाखासाठी आणलेली संत्री खुंटीला अडकवली. प्रभावतीनं ताट वाढलं आणि पुढं बसली. तिनं विचारायचं ठरवलं नव्हतं. वरणाची वाटी ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं.

"दिग्रसले मी कुठं बसली होती, तुम्हाले ठाऊक होतं?"

त्याचा हात भाकरीवर थांबला.

"होतं," तो म्हणाला. "तू चढली तवाच पाह्यली. पोरीच्या डोक्यावर लाल टोपरं होतं."

"मंग?"

"रूपसिंगनं कानात सांगतलं तवा पह्यले तूच आली डोक्यात. दुसरं काही नाही आलं. माईक तोंडापुढं होता, तुयं नाव जिभेवर होतं. प्रभावती, पोरीले घेऊन उतर, एवढंच म्हनाचं होतं." तो ताटाकडं पाहत बोलत होता. "मंग वाटलं, मानूस आपल्या बायकोले नावानं बलावून राह्यला म्हंजे साऱ्या समजतीन का काहीतरी हाय. एकदम उठतीन. मधलं खाली खांद्यावर होतं, कडेचं तेवढंही नव्हतं, कडेवाल्या पह्यल्या जातीन. म्हून गियलं." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "अंधारात मले कोनीच दिसत नव्हतं, प्रभा. टोपरं जिथं पाह्यलं होतं तिकडंच तोंड करून बोललो. साराच्या सारा सामना. तू उतरली का नाही ते गॅलरी पडेलोक मले समजलं नाही. मंग मांडवामागं जाऊन ओकलो."

हे तिला माहीत नव्हतं. त्या रात्री बसमध्ये तो तिच्या शेजारी बसला होता, विशाखाला खांद्यावर घेऊन, आणि एक शब्दही बोलला नव्हता. ती समजली होती की घसा बसला असेल.

"सांगतलं काहून नाही?" ती म्हणाली.

"तू इचारशीन असं वाटलं. नाही इचारलं तं वाटलं, रागात हाय. रागाचा हक्क हाय तुले. म्या कायले सांगू?"

बाहेर मामाजींची बाज करकरली, ते कूस बदलत होते. प्रभावतीनं आपल्या हाताकडं पाहिलं. हात जागेवर होता.

"मायं नाव घेतलं असतं," ती म्हणाली, "तं मी उतरली नसती."

हे खरं होतं की नाही, तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मांडीवर पोर असताना कुठली बाई उतरली नसती? पण लालीबाई शेजारी होती, आणि तिच्यापलीकडं बाया, आणि त्यांच्यापलीकडं बाया. बोलून झाल्यावर प्रभावतीनं ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं आणि त्यात कुठंही खोट लागली नाही. बळीराम तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला, आणि ती त्याच्या ताटात वरण वाढू लागली.